बाईंना विचारा : सहावीला गणित कोण घेतं?

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही दिंडोरी तालुक्यात मळ्यात राहतो, दोन एकर द्राक्षबाग आहे. मुलगी पाचवीत आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा पाचवीपर्यंतच, त्यामुळं जूनपासून तिला कुठं घालायचं यावर घरात रोज वाद चालतो. शेजारच्या गावात झेडपीचीच शाळा सातवीपर्यंत आहे, अडीच किलोमीटरवर, पण पट कमी. बाजाराच्या गावात संस्थेचं अनुदानित विद्यालय आहे, पाचवी ते दहावी. मोठी इमारत, दहावीचा निकाल चांगला, पण नऊ किलोमीटर, एसटीनं जावं लागेल. सासरे म्हणतात मोठ्या शाळेतच घाला. दीर म्हणतात इंग्रजी माध्यमाची व्हॅन बांधापर्यंत येते, तीच बरी. नवोदयच्या निवासी शाळेची परीक्षाही दिली आहे, निकाल यायचाय. मी नववी शिकलेली. शाळेत जाऊन नेमकं काय बघायचं तेच मला कळत नाही. (गावाचं नाव छापू नका.)

उत्तर : ताई, शाळा बघायला नववी पुष्कळ झाली. पदवीधर पालक शाळेचं गेट आणि गणवेश बघून परत गेलेले मी पाहिलेत. माझी नोकरी पेठ, दिंडोरी आणि निफाड या तालुक्यांत झाली, शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, होते. पालक आले की त्यांना काय दाखवायचं हे प्रत्येक शाळेचं ठरलेलं असतं. रंगवलेल्या भिंती, संगणकाची खोली, निकालाचा फलक, स्नेहसंमेलनाचे फोटो, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' ही स्पर्धा आल्यापासून तर भिंती सगळीकडंच बोलक्या झाल्यात. चहा घ्या, पण त्याआधी एक प्रश्न विचारा. सहावीला गणित कोण घेतं?

पाचवीपर्यंत एकच गुरुजी किंवा बाई सगळे विषय घेतात आणि ते चालून जातं. सहावीपासून गणित बदलतं. ऋण संख्या येतात, अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार येतात, पुढं आकड्यांच्या जागी अक्षरं येतात. विज्ञानातही नुसतं धडा वाचून भागत नाही. या तीन वर्षांत समजावणारं माणूस भेटलं नाही तर पोर नववीत गणिताला बिचकते, आणि घरचे म्हणतात, तिचं डोकंच नाही त्यात. म्हणून तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी वेगळी अट घातली आहे. दर वर्गाला किमान एक शिक्षक हवा, गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र या तिन्हींना किमान एकेक हवा, आणि ३५ मुलांमागं एक शिक्षक हवा. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळा झेडपीची असो की संस्थेची, तुलना करायची ती याच मापानं.

आता मोठ्या विद्यालयाचं बघू. संस्थेच्या शाळांबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१४ ची, रयत शिक्षण संस्थेची १९१९ ची. आमच्या जिल्ह्यात खेडोपाडी हायस्कुलं पोचली ती अशा संस्थांमुळं, माझी दहावीही संस्थेच्याच शाळेत झाली. अशा विद्यालयात विषय शिक्षक सगळे असतात, तिथं काही उणं नाही. पण मोठ्या शाळेचं वेळापत्रक कसं बनतं ते ऐका. जूनमध्ये मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक कागद घेऊन बसतात आणि आधी दहावीचे तास भरतात. गणिताचे सगळ्यात हातखंडा सर दहावीला जातात, त्यांच्या खालचे नववीला. सहावीपर्यंत येता येता ज्यांचे तास कमी भरतात त्यांच्या गळ्यात गणित पडतं. कधी ते हिंदीच्या बाईंकडं जातं, कधी खेळाच्या सरांकडं. सगळीकडं असंच होतं असं नाही, पण होतं. यात कुणाची लबाडीही नाही. दहावीच्या निकालाचा फ्लेक्स चौकात लागतो. सहावीच्या निकालाचा फ्लेक्स मी तरी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा सासऱ्यांनी सांगितलेला तो चांगला निकाल खरा असेल, पण त्यावरून तुमच्या मुलीच्या पुढच्या तीन वर्षांचं काही कळत नाही. तिथं गेल्यावर सरळ म्हणा, सहावीच्या सगळ्या तुकड्यांचं वेळापत्रक दाखवा. ते बहुतेक शिक्षकखोलीत भिंतीला चिकटवलेलंच असतं. गणिताच्या खान्यात कुणाचं नाव आहे आणि त्यांचा मूळ विषय कोणता, एवढं वाचा. एका तुकडीत मुलं किती तेही विचारा. साठ-पासष्टच्या वर्गात तुमची पोरगी मागच्या बाकावर बसली तर तिच्या वहीपर्यंत कुणी पोचत नाही.

झेडपीच्या शाळेचं दुखणं वेगळं. तिथं पट कमी म्हणता, तो किती कमी हे महत्त्वाचं. शिक्षकांची पदं दरवर्षी पटावरून ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. मुलं घटली की पद जातं, पद गेलं की पालक मुलं काढतात, मुलं काढली की उरलेलं पदही जातं. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आल्यापासून सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचा प्रश्न आणखीच चिघळलाय. म्हणून शेजारच्या गावात तीन गोष्टी काढून घ्या. सहावी-सातवीला पदवीधर शिक्षक किती आहेत, त्यांत गणित-विज्ञानाचे कोणी आहेत का, आणि ते यंदा बदलीच्या यादीत आहेत का. शेवटचं मुख्याध्यापक सांगणार नाहीत, शाळा व्यवस्थापन समितीतल्या बाया सांगतील. या समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळं त्या गावात तुमच्या ओळखीची एखादी तरी निघेलच. नळावर, नाहीतर बागेत विरळणीच्या कामावर जे कळतं ते ऑफिसात कळत नाही. दोन चांगले पदवीधर शिक्षक असले तर वीस-पंचवीस मुलांचा वर्ग म्हणजे पर्वणी. सहावी-सातवी मिळून एकाच शिक्षकाच्या अंगावर असतील आणि ते शिक्षक निवडणुकीच्या, बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला वारंवार जात असतील, तर घराजवळ म्हणून तिथं घालू नका.

शाळेत गेलात की सातवीतल्या एखाद्या मुलीची गणिताची वही मागा. हे सगळ्यात खरं. आधी नुसत्या तारखा बघा. जूनमध्ये रोज तारीख, जुलैत दिवसाआड, आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एकही नाही, असं असेल तर त्या काळात तासच झाले नाहीत. मग लाल शाई बघा. दर पानाच्या तळाशी एक लांबलचक बरोबरची खूण आणि सही, सगळीकडं एकाच झोकात, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी गठ्ठा घेऊन उरकलेलं काम. एखाद्या उदाहरणात मधल्या ओळीत गोल केलेला दिसेल आणि बाजूला बारीक अक्षरात 'इथं चिन्ह बदललं, परत कर' असं लिहिलेलं असेल, खाली मुलीनं ते परत केलेलं असेल, तर ताई, ती शाळा गळकी असली तरी चालेल. मुलगी वही द्यायला लाजली तर तिला ऋण पाचातून ऋण तीन वजा करायला सांगा. उत्तर चुकलं तरी हरकत नाही. ती फळ्याकडं जाते की बाईंच्या तोंडाकडं बघते, ते बघा.

विज्ञानाचं साहित्य दाखवतील तेव्हा कपाट उघडायला सांगा. परीक्षानळ्या अजून पॅकिंगच्या कागदात असतील तर समजायचं ते समजा. उलट एका दोन खोल्यांच्या शाळेत कपाटच नव्हतं, पण खिडकीच्या गजाला दोरी बांधून मुलांनी हळदीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या. एका पोरीनं मला साबणाच्या पाण्यात पट्टी बुडवून लाल करून दाखवली, मग त्याच पट्टीवर लिंबू पिळून परत पिवळी केली, आणि वर मलाच विचारलं, "मॅडम, राखेच्या पाण्यात काय होईल सांगा?" अशा शाळेला मी कितीही शेरे चांगले दिले तरी वरच्या अहवालात त्याला रकाना नव्हता.

फळ्याचा वरचा कोपराही वाचा. तिथं पट आणि हजर असे दोन आकडे लिहिलेले असतात. बाजाराच्या दिवशी किंवा द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत जा. पट ३१ आणि हजर १४ असेल तर उरलेली कुठं आहेत ते वर्गातली पोरंच सांगतील. आणि हजर २९ लिहून वर्गात डोकी १४ दिसली, तर मग विचारायचंही काही राहत नाही.

मोबाइलवर बघायचं असेल तर प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस (सरकारच्या शाळा-माहिती नोंदीतला) क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ नं सुरू होतो. बहुधा शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेला असतो. त्यावरून वर्गवार पट, शिक्षकसंख्या, ग्रंथालय, शौचालय असं बरंच दिसतं. दोन शाळा समोरासमोर ठेवायला ते बरं आहे. फक्त लक्षात ठेवा, ही माहिती शाळाच भरते. ते फॉर्म माझ्या टेबलावरून जायचे, म्हणून सांगते. मुलींचं शौचालय 'आहे' म्हणजे ते बांधलेलं आहे. एका शाळेत त्याला कुलूप होतं, किल्ली शिपायाच्या खिशात आणि शिपाई तालुक्याला. आत खराट्यांचा ढीग. मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. तुमची मुलगी येत्या दोन-तीन वर्षांत मोठी होईल. किती मुलींचं शिक्षण सातवी-आठवीला याच कुलपानं थांबवलंय ते आम्हा बाईमाणसांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा तिथं गेल्यावर शौचालय तुम्ही स्वतः वापरा. पाणी येतं का, कडी लागते का, कळतंच.

आता रस्ता. अडीच किलोमीटर पायी आणि नऊ किलोमीटर एसटीनं, यात एसटी लांब वाटते तशी ती नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची ही योजना. अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. सकाळची गाडी शाळेची प्रार्थना झाल्यावर पोचते का? संध्याकाळची गाडी शेवटच्या तासाच्या आधी सुटते का? हिशोब करून बघा. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं कायद्यानं बंधनकारक आहे. गाडी गाठायची म्हणून रोज ३५ मिनिटांची एक तासिका बुडाली, तर २२० दिवसांत ७,७०० मिनिटं गेली. म्हणजे १२८ तास, वर्षाचा आठवा हिस्सा. आणि वेळापत्रकात शेवटच्या तासाला कोणता विषय असतो त्यावर हा आठवा हिस्सा कशाचा हे ठरतं. पायवाटेचं म्हणाल तर मध्ये ओहोळ किंवा फरशी (ओढ्यावरचा बुटका पूल) आहे का ते पत्रात लिहिलं नाहीत. आपल्याकडं दिंडोरीच्या पश्चिमेला पाऊस धरला की फरशीवरून पाणी जातं आणि मुलं चार-चार दिवस घरी. मळ्यातून आणखी कोण मुली जातात? तीन-चारजणी बरोबर असतील तर अडीच किलोमीटर काहीच नाही. एकटी असेल तर मात्र विचार करा.

दिरांच्या व्हॅनबद्दल फार लिहीत नाही. शाळा कशी आहे मला माहीत नाही. पैशाची एक बाजू मात्र त्यांना सांगा. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. त्यातून निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,००० मिळतात. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सूट. आणि शाळा शासकीय, झेडपी-पालिकेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळेत घातलं की या परीक्षेला बसताच येत नाही. व्हॅनचं भाडं आणि फी यांत हेही धरा. पुस्तकं आणि दुपारचा आहार झेडपी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत आहेच. सहावीपासून डोई १५० ग्रॅम धान्य मंजूर असतं, पाचवीपर्यंत १०० ग्रॅम. इंग्रजीचीच ओढ असेल तर विद्यालयात सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) आहे का विचारा, आणि सेमी असेल तर पुन्हा तोच प्रश्न: सहावीला ते कोण घेतं?

नवोदयची आशा ठेवा, पण तिच्यावर बसून राहू नका. खेडगावचं नवोदय तुमच्याच तालुक्यात, म्हणून ते हाताशी असल्यासारखं वाटतं. पण जागा जास्तीत जास्त ८० आणि परीक्षेला अख्ख्या जिल्ह्यातली मुलं. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना, हे तुमच्या बाजूचं. नाव आलं तर माझ्या मते डोळे झाकून पाठवा. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत, मुलींना बारावीपर्यंत फी नाही. फक्त दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात, त्याला घरच्यांची तयारी लागते. आणि नवोदयच्या मुलांना एनएमएमएस नाही, त्यांना त्याची गरजही नाही. पहिल्या यादीत नाव नसलं तरी प्रतीक्षा यादी पुढं सरकत असते. जून उजाडला तरी फोनवर लक्ष ठेवा.

माझं मत विचारलं नाहीत, पण देते. शेजारच्या झेडपी शाळेत गणित-विज्ञानाचे शिक्षक जागेवर असतील, बदली जवळ नसेल आणि वहीत ती लाल शाई दिसली, तर सहावी-सातवी तिथं, आठवीला विद्यालयात. मधे शाळा बदलली म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन वर्षं न शिकता गेली तर. यातलं काही जुळलं नाही तर सरळ विद्यालय, पण आधी एसटीची वेळ आणि वेळापत्रकातलं नाव बघून. सासऱ्यांना बरोबर घेऊन जा. वही त्यांनाच बघू द्या, म्हणजे घरी आल्यावर वाद राहणार नाही.

प्रश्न : मी सुरगाण्याकडचा. दिवाळीनंतर आम्ही नवराबायको द्राक्षाच्या कामाला निफाडला जातो, एप्रिलमध्ये परत. मुलगा सहावीत जाईल. आजीजवळ ठेवून गावातल्या शाळेत घालू, का आश्रमशाळेत? जवळ दोन आश्रमशाळा आहेत, एक शासकीय, एक अनुदानित. लोक म्हणतात दोन्ही सारख्याच.

उत्तर : भाऊ, सारख्या नसतात. गावातली शाळा दिवसा बघायची, आश्रमशाळा मात्र दिवस मावळल्यावर. संध्याकाळी सातला जा. रात्री शाळेत खरोखर कोण मुक्कामाला असतं? अधीक्षक राहतात की तालुक्याहून येऊन-जाऊन करतात? मुलींकडं अधीक्षिका आहे का, हेही बघा. तुमचा मुलगा असला तरी, कारण जिथं मुलींची नीट व्यवस्था असते तिथं मुलांचीही असते. पंगत बसेल तेव्हा ताटात काय पडतं ते बघा आणि पंगतीतल्या मुलांची डोकी मोजा. पोरं रात्री गादीवर झोपतात का, अंघोळीला पाणी कुठून आणतात, ताप आला तर आरोग्य केंद्रापर्यंत कशानं नेतात, शेवटचं पोर आजारी पडलं तेव्हा आईबापाला फोन कुणी केला. हे मोठ्या पोरांना विचारा. ती खरं बोलतात, सर जवळ नसतील तर.

शिक्षकांचं गणित इथंही वर लिहिलं तेच, ते परत लिहीत नाही. दोन्हींत फरक वाटला तर त्याची कारणं इमारतीत शोधू नका, मुख्याध्यापक आणि अधीक्षक या दोन माणसांत शोधा. काही तक्रार असेल तर तुमचं आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय कळवणला आहे. अर्ज तिथं द्यायचा. मुलगा पाचवीतच असेल आणि अभ्यासात बरा असेल तर आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म कधी निघतो हेही तिथंच विचारा.

तिसरा एक मार्ग लोक विसरतात. तुमच्या गावातून बरीच कुटुंबं कामाला जात असतील तर गावातल्या शाळेला हंगामी वसतिगृह मागता येतं. मुलं गावातच राहतात, आजी जवळ, आणि स्थलांतराच्या महिन्यांत त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. मागणी दिवाळीच्या आधी गेली पाहिजे, टेम्पोत बसायच्या दिवशी नाही. गावची शाळा चांगली असेल तर मी हाच मार्ग आधी बघेन. सहावीतलं पोर आजीजवळ झोपतं याला माझ्या लेखी किंमत आहे. आणि शाळा लांबच्या पाड्यावर म्हणून ती वाईटच, असं धरून चालू नका. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची झेडपी शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते म्हणून लोक लांबलांबून बघायला जातात, आणि ती काही हमरस्त्यावर नाही.

मुलाला बरोबर न्यायचीच वेळ आली तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवलं की निफाडकडच्या जवळच्या शाळेत त्याला बसवून घेतात. बागेवर नुसता बसवून ठेवू नका. मागच्या हंगामात अशी पोरं मण्यांच्या विरळणीला कात्री घेऊन उभी असलेली मी पाहिली आहेत. सहावीतल्या हाताला ते काम जमतं, हीच अडचण आहे.

प्रश्न : सिन्नर तालुक्यातून लिहितो. मुलीला सहावीत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत मोफत घालता येईल का? आणि पाचवीत नापास करतात म्हणे, ते खरं का? एका शाळेनं शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय प्रवेश नाही असं सांगितलंय.

उत्तर : २५ टक्क्यांचा प्रवेश त्या शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच असतो, म्हणजे पहिली किंवा त्याआधीचा वर्ग. सहावीत नाही. कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नापासाचं खरं आहे. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर आधी मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षा घेतात, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात ठेवतात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

दाखल्याचं : आठवीपर्यंत एका शाळेतून दुसऱ्या झेडपी किंवा अनुदानित शाळेत जाणं हा मुलीचा हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून तिचा प्रवेश अडवता येत नाही. तसं तोंडी सांगून बघा. ऐकलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, दोन प्रती करा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्याआधी ऑफिसात माणूस जागेवर सापडतो.